गप्प बसायचा क्लास

आमच्या गावात या प्रार्थनेला 'गप्प बसायचा क्लास' म्हणतात. फादरांनी नोटीस बोर्डावर 'मौनप्रार्थना, दर गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं. पण चर्च झाडायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात हे दुसरं नाव पाडलं आणि तेच चाललं. त्यातली गंमत गावाला बरोबर कळली होती. जिनं छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत 'गप्प बसा रे' म्हणून घसा फोडला, ती बाई आता निवृत्त होऊन मोठ्या माणसांना गप्प बसवणार म्हणे!

शिकवत मी काहीच नाही. घड्याळ लावते आणि दार लोटून घेते.

खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. घरात कोंकणी, शाळेत मराठी, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड, आणि बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेलं की इंग्रजी. बेळगाव धर्मप्रांत 1953 साली झाला, तेव्हापासून जो जो बिशप आला त्याला या भाषांची मोट बांधावी लागली. आमच्याकडं रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत, महिन्यातून एकदा कोंकणीत, आणि कन्नडची मागणी अधूनमधून डोकं वर काढते. कुठलं गाणं कुठल्या भाषेत, हे ठरवण्यात कोयरची, म्हणजे चर्चच्या गायकमंडळाची, अर्धी प्रॅक्टिस संपते. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की आमच्या चर्चमध्ये गप्प बसण्याची सवय कुणालाच नव्हती. मला तर नव्हतीच.

कोयर माझ्याकडं. रविवारची धर्मशिक्षणाची मुलं माझ्याकडं. आमच्या गल्लीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहाची बैठक, फेस्ताची वर्गणी, ऑक्टोबरात घरोघरी फिरणारी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सगळं माझ्याकडं. शिवाय मिस्सेनंतर सहा घरी आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेऊन द्यायचं. हे काम परवानगी घेऊन काही प्रापंचिक माणसांना सोपवतात. सोनेरी मुलाम्याच्या छोट्या डबीत पवित्र साक्रामेंत ठेवायचं, डबी गळ्यातल्या कापडी पिशवीत, आणि वाटेत कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत असा दंडक. तो दंडक मी पाळायची. पण आजाऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की वाटेत न बोललेलं सगळं व्याजासकट वसूल व्हायचं.

आणि मिस्सेतली माझी भक्ती कशी होती? फादर वेदीवर भाकर वर उचलायचे तेव्हा माझी नजर हार्मोनियमवाल्या पोराच्या बोटांवर. पुढचं गाणं काळी दोनमध्ये आहे, हा काळी एक तर धरत नाही ना? घंटी वाजायची, लोक माना लववायचे, मीही लववायची. एक डोळा हार्मोनियमवर ठेवून.

फादर नवे होते, वयानं माझ्या मुलीएवढे. विश्वासूंच्या प्रार्थना लिहून द्यायचं कामही अर्थात माझंच. एका रविवारी सांक्रिस्तीत, म्हणजे वेदीजवळच्या कपडे बदलायच्या खोलीत, झगा काढता काढता ते म्हणाले, "बाई, तुमच्या प्रार्थना ऐकल्या की मला बीईओ ऑफिसचं, शिक्षणखात्याचं परिपत्रक आठवतं. काय करायचं, कुणासाठी करायचं, कधीपर्यंत करायचं, सगळं देवाला कळवलेलं असतं. फक्त जावक क्रमांक तेवढा राहतो."

मला राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी त्यांनी गोव्यातल्या एका रिट्रीट घराचा फॉर्म माझ्या हातात ठेवला. आठ दिवसांचं मौन. पैसे त्यांनी आधीच भरले होते. त्यामुळं नाही म्हणता येईना, आमच्या घराण्यात भरलेले पैसे बुडवत नाहीत.

जानेवारीतली गोष्ट. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गेले. पहिल्याच संध्याकाळी फोन एका पत्र्याच्या डब्यात जमा केले. दिवसाला चार वेळा एकेक तास प्रार्थना, आणि अर्धा तास सिस्टरशी बोलणं. दिवसभरात तेवढंच बोलणं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलानं 1522 साली स्पेनमधल्या मानरेसा गावी राहून ज्या साधनेचा पाया घातला, ती पुरी तीस दिवसांची असते. आठ दिवसांचं हे तिचं आखूड रूप. माझ्या वाट्याला आलेली सिस्टर सत्तरीची, मंगळुरी हेल काढून कोंकणी बोलणारी, आणि ऐकताना डोळ्यांची उघडझाप न करणारी.

तिनं मार्कच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय दिला. वाटेच्या कडेला बसलेला आंधळा बार्तिमय ओरडतो, लोक त्याला गप्प करू बघतात, तो आणखी ओरडतो. मी तासाभरात दोन पानं पाठ टाचण काढलं. उद्देश, प्रस्तावना, मुख्य मुद्दे, शेवटी मूल्यमापनाचे तीन प्रश्न. सवयीचा हात, दुसरं काय करणार. सिस्टरनं ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "येशू त्याला काय विचारतो?"

"मी तुझ्यासाठी काय करावं, असं."

"मग तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

मला कुठं कुणी विचारलं होतं? विचारायला मी उसंत दिली असती तर ना. सिस्टरनं वही मिटली आणि आपल्या कपाटात ठेवून दिली. आठव्या दिवशी परत मिळेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं शिडी समजावली. बाराव्या शतकात गीगो नावाचा कार्थुशियन मठवासी होऊन गेला. शास्त्र वाचत प्रार्थनेत जाण्याच्या त्यानं चार पायऱ्या सांगितल्या. आधी वाचन, मग मनन, मग प्रार्थना, म्हणजे आपण देवाशी बोलणं. आणि चौथी पायरी, जिथं बोलणंही गळून पडतं आणि माणूस नुसता देवापुढं असतो. "शिक्षक लोक बहुतेक दुसऱ्या पायरीवर बिऱ्हाड करतात," सिस्टर म्हणाली. मी हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

पण मला खरं उमगलं ते पाण्यावरून. अविलाची संत तेरेझा, 1515 ते 1582 हा तिचा काळ. ती म्हणते, जीव म्हणजे बाग, आणि बागेला पाणी चार तऱ्हांनी घालता येतं. विहिरीतून हातानं शेंदून. रहाट फिरवून. ओढ्यानदीचं पाणी पाटानं आणून. आणि चौथं म्हणजे पाऊस, ज्यात माळ्याचं काही कर्तृत्व नाही. मौनप्रार्थनेवर कुणी कितीही जाड पुस्तक लिहो, आमच्याकडच्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको. माझ्या माहेरी मिरचीच्या वाफ्यांना पोहऱ्यानं पाणी घातलेलं आहे मी. तळहाताला फोड यायचे, आणि अर्धं पाणी वाफ्यापर्यंत पोहोचायच्या आत सांडायचं. पुढं वडिलांनी शेजाऱ्याचा जुना रहाट आणला तेव्हा तेवढ्याच कष्टात दुप्पट वाफे भिजू लागले. आणि जूनमध्ये कणकुंबीकडून आभाळ उतरलं की पोहरा, रहाट, पाट, सगळं पडवीत. मग चिंता पाणी घालायची नसायची, बांध फुटून वाफे वाहून जायची असायची.

सिस्टरला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या विहिरीला पाणी आहे. पण तू पोहरा फार आपटतेस."

शेवटच्या दोन दिवसांत तिनं वीस मिनिटांची रीत दिली. मूळ फार जुनं. इजिप्तच्या वाळवंटातले साधू स्तोत्रातली एकच ओळ दिवसभर धरून असत, 'देवा, माझ्या साहाय्याला ये', असं जॉन कॅसियननं पाचव्या शतकात लिहून ठेवलं. चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजाचा सल्ला असा की ओळही नको, एक शब्द पुरे, आणि तोही जेवढा आखूड तेवढा बरा. मग 1970 च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट मठातल्या तिघांनी, विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग यांनी, हे जुनंच औषध संसारी माणसाला घेता येईल अशा मात्रेत बांधलं. वीस मिनिटं सकाळी, वीस मिनिटं संध्याकाळी. ताठ बसायचं, डोळे मिटायचे. एक शब्द निवडायचा, 'देवा, मी इथं आहे, तुझं चालू दे' याची खूण म्हणून. तो जपासारखा सारखा म्हणत राहायचा नाही. विचारामागं वाहवत गेलोय असं लक्षात आलं की त्या शब्दाकडं हळूच परत यायचं. स्वतःवर चिडायचं नाही. वेळ संपल्यावर दोन मिनिटं तसंच बसून मग उठायचं. संपली रीत. चौथीच्या मुलालाही पाठ होईल.

शब्द कुठला घ्यायचा यावर मी पुरते दोन तास घालवले. 'शांती' घेतला, तर डोक्यात व्याकरण सुरू झालं, ईकारान्त स्त्रीलिंगी, सामान्यरूप. 'येशू' घेतला, तर त्या नावाची कोयरची सगळी गाणी एकामागून एक लागली. शेवटी कंटाळून बसले असताना मनात आलं 'पाय'. आमच्या घरी वडिलांना आम्ही पाय म्हणत असू, गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत म्हणतात तसं, मूळ पोर्तुगीज. वडील जाऊन वीस वर्षं झाली. आणि मराठीत पाय म्हणजे पाय. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था स्वयंपाकघरात भांडी आदळत असते आणि मरिया बसलेली असते ती प्रभूच्या पायांशी. मी आयुष्यभर मार्थाची बाजू घेऊन भांडलेली बाई, आणि खरं सांगायचं तर अजूनही घेते. मरिया बसली म्हणून जेवण कुणाला चुकलं नाही, ते मार्थामुळंच. पण शब्द तोच ठरला.

आठव्या दिवशी वही परत मिळाली. ती मी एसटी स्टँडवर शेंगांच्या पुड्या बांधायला देऊन टाकली.

घरी आल्यावरचं फारसं सांगण्यासारखं नाही. पहाटे पावणेपाचला उठून, तोंड धुऊन, देवघराजवळच्या खुर्चीत. समोर शाळेच्या निरोप समारंभात मिळालेलं टेबलावरचं घड्याळ. पाच वाजता शेजाऱ्यांच्या बोअरचा पंप सुरू होतो, मग देवळाचा भोंगा, मशिदीचा भोंगा, आणि साडेपाचला आमचीही घंटा. आवाजाच्या बाबतीत गावात सर्वधर्मसमभाव आहे. पहिल्या महिन्यात मी प्रार्थनेपेक्षा झोपलेच जास्त. फोनवर सिस्टरला सांगितलं, तर म्हणाली, लिझ्यूची छोटी तेरेझा सात वर्षं प्रार्थनेच्या वेळी झोपत होती आणि तिनं ते लपवलं नाही. ती संत झाली म्हणून आपण होऊ असं नाही, पण जरा धीर आला.

दुसऱ्या महिन्यात झोप गेली आणि त्याहून वाईट काहीतरी आलं. लोकांना वाटतं डोळे मिटले की शांत वाटतं. मला एक पोरगं दिसायला लागलं. 1990 च्या आसपासची गोष्ट असेल, दुसरीचा वर्ग. मी पक्ष्यांचा तक्ता दाखवत होते. "हा काय?" ते म्हणालं, "कावळो." वर्ग हसला. मी त्याच्या हातावर पट्टी मारली आणि म्हटलं, शाळेत कावळा म्हणायचं. त्यानं हात मागं घेतला नाही, तसाच पुढं धरून उभा राहिला. वर्षभर परत काही विचारलं की नुसता बघायचा. आणि त्याच संध्याकाळी अंगणात मीच माझ्या मुलीला कडेवर घेऊन म्हणत होते, "तो पळे कावळो, पळे." इतकी वर्षं हे कुठं होतं कोण जाणे. रोज पहाटे तो हात. शब्दाकडं परत यायचं, परत तो हात. सिस्टर म्हणाली होती विचारांना हाकलू नकोस, मी हाकलला नाही. उपवासकाळात पापनिवेदनाला गेले तेव्हा सांगितलं. फादर बराच वेळ काही बोलले नाहीत. एरवी त्यांच्याकडं सल्ला तयार असतो.

गुरुवारचा क्लास त्यांचीच कल्पना. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी सतरा जणं आली. चर्चच्या बाजूच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या, एक मेणबत्ती, मार्कच्या चार ओळी दोनदा वाचून मग वीस मिनिटं. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला एका मावशींनी मोठ्यानं 'नमो मरिया' सुरू केली आणि अर्ध्या लोकांनी सवयीनं पुढची ओळ धरली. नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "एवढा वेळ कुणी काहीच बोलेना, मला वाटलं बाई विसरल्या." ईस्टरपर्यंत आम्ही पाचजण उरलो.

मग तक्रार झाली. कुणी केली ते माहीत आहे, लिहिणार नाही, रोज तोंडापुढं असलेली माणसं आहेत. पत्र वरपर्यंत गेलं होतं. चर्चमध्ये योगा आणि हिंदूंचं ध्यान शिकवलं जातं, असा मजकूर. फादरांनी मला बोलावून रोममधून 15 ऑक्टोबर 1989 रोजी निघालेलं एक पत्र वाचायला दिलं. ख्रिस्ती ध्यानाच्या काही बाजूंविषयीचं आहे ते, खाली कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही, जे पुढं पोप झाले. वाचायला कठीण, मी दोन दिवस घेतले. पत्र धोका दाखवतं. तंत्रालाच प्रार्थना समजू नका, अंगाला हलकं वाटलं म्हणजे पवित्र आत्मा आला असं धरू नका, ख्रिस्ताला वगळून कुठल्यातरी पोकळीत शिरू नका. पण दुसऱ्या धर्मांच्या रीतींत घेण्यासारखं असेल ते ख्रिस्ती प्रार्थनेचं मूळ न सोडता घ्यायला हरकत नाही, असंही त्यातच आहे. मला त्यातली पहिलीच बाजू जास्त कामाची वाटली, कारण क्लासमधल्या एकीला दर गुरुवारी प्रकाश दिसत होता आणि ती तो इतरांना तपशिलात सांगत होती. तिला ते पत्र समजावून सांगितलं. तिनं यायचं बंद केलं. उरलो चौघं.

तक्रारीचं मला फार लागलं नाही. बैलहोंगलकडच्या देशनूरला जेझुइट फादर भगवी वस्त्रं घालून विरक्त मठाच्या रीतीनं राहतात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला तिथं स्नानिक अरुळप्पा म्हणतात. धर्मशिक्षणाच्या मुलांची सहल मी तिथं नेली होती. त्यापुढं चार प्लास्टिकच्या खुर्च्यांचं काय एवढं! आमच्या गल्लीतल्या माळकरी शेजाऱ्याला मी माझ्या शब्दाची गोष्ट सांगितली होती. तो म्हणाला, "मग आमचं काय वेगळं हाय की बाई, आमी पण पायांवरच डोस्कं ठेवतो." हे मात्र मी फादरांना सांगितलं नाही. आणखी एक पत्र नको.

आता कौलवाल्या आजोबांचं.

खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडं कम्युनियन नेत होते. माझ्या सहा घरांतलं ते पाचवं, म्हणजे घाईचं. विधीची मराठी पुस्तिका उघडायची, नमस्कार, पश्चात्ताप, चार ओळी शुभवर्तमान, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', कम्युनियन, शेवटची प्रार्थना. सात मिनिटं. पुस्तिकेत कम्युनियननंतर तिरप्या अक्षरात छापलेलं आहे की इथं थोडा वेळ पवित्र मौन पाळता येतं. त्या मौनात मी डबी पुसून पिशवीत ठेवायची. प्रार्थनेच्या मध्येच आजोबा दर वेळी "आ... आ..." असा आवाज काढायचे. त्यांची सून धावत पाणी आणायची, ते तोंड फिरवायचे, सून म्हणायची, "असंच करतात बगा बाई, पाणी मागतात आणि पीत नाहीत."

जुलैतला रविवार होता. पाऊस असा की समोरचं घर दिसेना. पिशवी छत्रीखाली सांभाळत पोहोचले तर लाइट गेलेली, आणि माझा चष्मा सांक्रिस्तीत राहिलेला. तसं मला सगळं पाठ आहे. पण बसले. सून मेणबत्ती शोधायला आत गेली. एरवी अशा वेळी मी आजोबांना पावसाच्या, भातलावणीच्या, त्यांच्या नातवाच्या मार्कांच्या गोष्टी सांगितल्या असत्या. त्या दिवशी सांगितल्या नाहीत. त्यात माझं काही मोठेपण नाही, पाच-सहा महिन्यांत नुसतं बसायची अंगाला सवय लागली होती, एवढंच. कौलांवर पाऊस वाजत होता. एका ठिकाणी गळत होतं, खाली पितळेचं पातेलं ठेवलेलं, त्यात थेंब पडत होता. कौलं घडवणाऱ्याच्याच घरात गळती, असं मनात आलं, आणि गेलं.

आजोबांनी सुरू केलं. "आ... आ... आम..." मी पाण्याकडं पाहिलं नाही. "आमच्या... आमच्या बा..." आणि मग एकदम, अडखळलेली गाडी उतारावर लागावी तशी, "आमच्या बापा, सर्गींच्या..." पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ. शब्द स्वच्छ. कोंकणीतून. लहानपणी रात्रीच्या तेर्साला, म्हणजे घरातल्या रोझरीला, आईनं शिकवलेलं.

ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तो प्रभूची प्रार्थना म्हणत होता. बेळगावला फिजिओथेरपी करणाऱ्या माझ्या भाचीला नंतर विचारलं. तिनं सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसून बोलणं गेलं तरी पाठ असलेली साखळी कधीकधी शाबूत राहते. आकडे, वार, गाणी, प्रार्थना. फक्त सुरुवात सापडायला वेळ लागतो आणि मध्ये कुणी दुसरं बोललं की धागा सुटतो. दोन वर्षं दर रविवारी ते सुरुवात शोधत होते, आणि दर रविवारी मी मराठीतून त्यांच्या पुढं निघून जात होते.

माफीच्या ओळीपाशी ते अडकले. माझ्या जिभेवर पुढचा शब्द आला होता, माझ्याही आईनं तोच शिकवला होता. तो मी तिथंच धरला. ते थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाढा अडला की पोरं परत बे एके बे पासून येतात ना, तसं. पुन्हा त्याच जागी अडले. तिसऱ्या खेपेला ओळ ओलांडून थेट आमेनपर्यंत गेले. सून मेणबत्ती घेऊन दारात उभी होती. मेण तिच्या बोटांवर सांडलेलं तिला कळलं नव्हतं.

तेव्हापासून त्या घरी अर्धा तास लागतो. कधी तीन खेपांत जमतं, कधी पाच, कधी अजिबात नाही आणि ते डोळे मिटून घेतात. मग मी विधी मराठीतूनच पुरा करते. सहावं घर ताटकळायला लागलं, तिथल्या आजी चिडल्या, कारण कम्युनियन झाल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. फादरांकडं जाऊन म्हटलं, मला सहा घरं झेपत नाहीत. ते म्हणाले, "बाई, हे वाक्य तुमच्या तोंडून?" माझ्याकडं चार घरं ठेवून बाकीची दोन त्यांनी कोयरमधल्या त्या हार्मोनियमवाल्या पोराला दिली. त्याची तयारी मीच करून घेतली. पोरगा गुणी आहे, पण मोटरसायकलवरून जातो आणि दोन्ही घरं मिळून पंधरा मिनिटांत मोकळा होतो.

परवा त्याला म्हटलं, एकदा गुरुवारी येऊन बस.

"काय असतंय तिथं?"

"काही नसतं."

त्यानं किक मारली. म्हणाला, "बघतो की बाई."